कराड-चिपळूण रस्त्यावरच्या सौर चार्जिंग स्टेशनला बॅटरी किती लागेल?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. पाटणच्या पुढे, कराड-चिपळूण रस्त्याला लागून तुमचे हॉटेल आहे. त्याच्या पत्र्याच्या छतावर सुमारे २,५०० चौरस फूट जागा मोकळी आहे. तेथे ३० किलोवॅटचे सौर पॅनेल, ६० किलोवॅटचा जलद चार्जर आणि १०० युनिट, म्हणजे १०० किलोवॅट-तास वीज साठवणारी बॅटरी बसवण्याचा प्रस्ताव तुमच्याकडे आला असून, एवढे केल्यावर महावितरणच्या विजेची गरजच राहणार नाही, असे तुम्हाला सांगण्यात आले आहे. हे कितपत खरे आहे, बॅटरी नेमकी किती घ्यावी आणि वनकुसवडे पठारावर दिसतात तशा पवनचक्क्यांपैकी एखादी लहान चक्की आपल्या आवारात लावता येईल का, असे तुम्ही विचारले आहे.

मी सौर प्रकल्पांच्या आखणीत पंधरा वर्षे आणि चार्जिंग स्टेशनांच्या कामात गेली सहा-सात वर्षे आहे. माझे मत आधीच सांगतो. सौर पॅनेल जरूर लावा, महावितरणची जोडणी अजिबात तोडू नका, पहिल्या वर्षी बॅटरी घेऊ नका आणि पवनचक्कीचा विचार सोडून द्या. या चारही गोष्टींची कारणे तुमच्या जागेत दडलेली आहेत, त्यामुळे त्यांचे विवेचन सविस्तर करावे लागेल.

प्रथम गाडीला किती वीज लागते ते पाहू. आपल्या रस्त्यांवर सर्रास दिसणाऱ्या इलेक्ट्रिक मोटारींची बॅटरी साधारण ३० ते ५० युनिटची असते. ४० युनिटची गाडी धरली आणि ती २० टक्क्यांवरून ८० टक्क्यांपर्यंत भरली, तर तिच्या बॅटरीत २४ युनिट जातात. चार्जरमधील आणि गाडीतील तूट धरल्यास तुमच्या मीटरवर २६ ते २७ युनिट पडतात. आता छताकडे पाहा. आपल्या भागात एक किलोवॅटचे पॅनेल वर्षभराच्या सरासरीने दिवसाला चार युनिटच्या आसपास वीज देते, म्हणजे ३० किलोवॅटपासून १२० युनिट मिळतील. त्यात जेमतेम साडेचार गाड्या भरतात. मोटार उभी करण्याच्या एका जागेवर, म्हणजे साडेबारा चौरस मीटरवर सौर छत टाकले, तर त्यावर चार-पाच पॅनेल बसतात आणि ती दिवसभरात दहा युनिट देतात, तर त्याच जागेवर उभी राहिलेली एक गाडी तासाभरात २७ युनिट घेऊन जाते. जलद चार्जिंगच्या धंद्यात छप्पर नेहमीच अपुरे पडते, हे त्यामुळे सुरुवातीलाच मान्य केलेले बरे. इंग्लंडमध्ये ब्रेनट्री येथे डिसेंबर २०२० मध्ये सुरू झालेल्या ३६ गाड्यांच्या मोठ्या स्टेशनावर सौर छते आहेत आणि सहा हजार युनिटची बॅटरीही आहे, परंतु त्याच्या सौर विजेचा मुख्य भाग दूरच्या सौर शेतांतून ग्रीडमार्गे, म्हणजे सार्वजनिक वीजजाळ्यातून येतो. हरयाणात कर्नालच्या कर्ण लेक रिसॉर्टवर भेल या सरकारी कंपनीने उभारलेले महामार्गावरील सौर चार्जिंग स्टेशनही ग्रीडला जोडलेलेच आहे.

मात्र वार्षिक सरासरीवर आखणी करणे हीच या क्षेत्रातली सर्वांत महागडी चूक आहे आणि ती मी स्वतः केलेली आहे. कोकणातल्या एका निवासस्थळासाठी ग्रीडविना चालणारी दुचाकींची चार्जिंग व्यवस्था आम्ही बारा महिन्यांच्या सरासरीवरून आखली होती. मे महिन्यात ती उत्तम चालली. जुलैत ढग सलग दहा-बारा दिवस हटले नाहीत, बॅटरी एकदाही पूर्ण भरली नाही आणि त्यामुळे आणखी एक अडचण उभी राहिली. आज वापरात असलेल्या लिथियम फेरो फॉस्फेट प्रकारच्या बॅटरीचा व्होल्टेज ती ३० टक्के भरलेली असो वा ७० टक्के, जवळजवळ सारखाच असतो, म्हणून ती किती भरली आहे याचा अंदाज तिच्या नियंत्रकाला विजेची आवक-जावक मोजून बांधावा लागतो, आणि अधूनमधून पूर्ण भरल्याशिवाय त्या हिशेबातली चूक दुरुस्त होत नाही. पडद्यावर ४० टक्के दिसत असताना यंत्रणा बंद पडू लागली. शेवटी तेथे ग्रीडची जोडणी घ्यावी लागली, आणि तीही भर पावसात खांब उभे करून.

तुमच्या जागेचा पाऊस तर याहून अवघड आहे. कोयनानगरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पाटणकडे तो झपाट्याने कमी होत जातो, परंतु ढगांचे आवरण दोन्हीकडे असते. एप्रिल-मे महिन्यांत तुमची ३० किलोवॅटची पॅनेल दिवसाला १४० ते १५० युनिट देतील, तर जुलै-ऑगस्टमध्ये मी ६०-६५ युनिटच धरीन. शिवाय तुम्ही कोयनेच्या खोऱ्यात आहात. दोन्ही बाजूंना डोंगर असल्यामुळे सकाळचे पहिले आणि संध्याकाळचे शेवटचे ऊन पॅनेलपर्यंत पोचत नाही. हे किती नुकसान आहे ते संगणकावरच्या नकाशातून कळते, पण मी नेहमी मालकांना सांगतो की डिसेंबरमध्ये एक दिवस छतावर उभे राहून सूर्य कोणत्या वेळी डोंगराआड जातो ते घड्याळ लावून पाहा.

आता याच्यासमोर गाड्यांची गर्दी ठेवा. तुमच्या रस्त्याने पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर भागांतील लोक चिपळूण-गुहागरकडे जातात. त्यांच्या गर्दीचे दोन मोठे हंगाम आहेत, मे महिन्याची सुट्टी आणि गणेशोत्सव. मे महिन्यात ऊनही भरपूर आणि गाड्याही भरपूर, तेव्हा चिंता नाही. गणपती मात्र भाद्रपदात येतात, म्हणजे ऑगस्टच्या अखेरीस किंवा सप्टेंबरमध्ये, आणि तेव्हा आभाळ बहुधा भरलेलेच असते. गौरी-गणपती विसर्जनानंतरच्या परतीच्या दिवशी तुमच्याकडे १५ गाड्या थांबल्या, तर ४०० युनिट लागतील. पावसाळी दिवसाच्या ६५ युनिटने भागले, तर ही सहा दिवसांची कमाई होते. प्रस्तावातली १०० युनिटची बॅटरी पूर्ण भरलेली असली, तरी त्यातून तीन-साडेतीन गाड्या निघतील. वर्षातल्या ज्या दिवशी तुमची आणि गाडीवाल्यांची खरी गरज असेल, नेमक्या त्याच दिवशी ग्रीडविना चालणारे स्टेशन दुपारीच बंद पडेल, आणि एकदा बंद चार्जर पाहून पुढे गेलेला गाडीवाला पुन्हा तुमच्या दारात वळत नाही.

या गर्दीत घाटाचाही हात आहे, आणि तो बहुतेक प्रस्तावांत धरलेला नसतो. चिपळूण जवळजवळ समुद्रसपाटीला आहे आणि कोयनानगर सुमारे ६०० मीटर उंचीवर. माणसे आणि सामान धरून १,८०० किलोची गाडी कुंभार्ली घाट चढून वर येते, तेव्हा नेहमीच्या प्रवासखर्चाखेरीज निव्वळ उंची गाठण्यासाठी तीन ते साडेतीन युनिट जास्त खर्च होतात. ४० युनिटच्या बॅटरीत हा आठ टक्क्यांचा घास आहे. उतरताना त्यातला बराच भाग ब्रेकमधून परत मिळतो, म्हणून कोकणात उतरणारा गाडीवाला निश्चिंत असतो, आणि परत येणारा घाट चढून वर आल्यावर आकडा पाहून थांबायला जागा शोधू लागतो. तुमचे ग्राहक त्यामुळे प्रामुख्याने कोकणातून परतणारे असतील, आणि परतणारे लोक रविवारी दुपारनंतर व संध्याकाळी येतात. सूर्य मावळतीला आणि मागणी शिखराला, अशी ही वेळ आहे.

आता तुमच्या मनात साहजिकच येईल की मग दुपारचे ऊन साठवायला बॅटरी हवीच की. येथे थोडा हिशेब करू. त्यातल्या किमती मी फक्त गणितासाठी धरलेल्या आहेत, तुम्हाला आलेल्या कोटेशनचे आकडे तुम्ही त्या जागी घाला. ६० युनिटची बॅटरी तिच्या इन्व्हर्टरसह १२ लाखांना मिळाली असे समजू. रोज तिच्यातून ५० युनिट काढायचे, तर येण्याजाण्यातली सुमारे १२ टक्के तूट धरून तिच्यात ५७ युनिट घालावे लागतील. दिवसाची वीज सात रुपये आणि संध्याकाळची दहा रुपये युनिट धरली, तर ५७ युनिट घालायला ३९९ रुपये लागले आणि ५०० रुपयांची वीज वाचली. रोजचे १०१ रुपये, वर्षाचे साधारण ३७ हजार. बारा लाख वसूल व्हायला ३२ वर्षे लागतील, आणि बॅटरीचे आयुष्य चांगल्या निगराणीत दहा-पंधरा वर्षांचे असते. बॅटरीत जाणारी वीज आपल्या छतावरची आहे, म्हणून ती फुकट धरू नका. तीच वीज त्या क्षणी हॉटेलातल्या डीप फ्रीजरला किंवा नेट मीटरिंगने, म्हणजे जादा वीज ग्रीडला देऊन ती बिलातून वजा करून घेण्याच्या सोयीने, ग्रीडला दिली असती, तर तिचेही पैसे झाले असते.

मग बॅटरीचा उपयोग काय? उपयोग मोठा आहे, पण तो वेगळ्या कामासाठी. ज्या ठिकाणी ग्रीड एका वेळी पुरेशी वीज देऊ शकत नाही, तेथे बॅटरी क्षणाची भूक भागवते. तुमच्या हॉटेलाजवळची डीपी, म्हणजे गावाचे रोहित्र, ६३ किंवा १०० केव्हीएची असेल, तर तिच्यावर आसपासची घरे, पिठाची गिरणी आणि नदीकाठचे मोटारपंप आधीच असणार. त्यात ६० किलोवॅटचा चार्जर सुरू झाला, तर संध्याकाळी गावातले दिवे मंद होतील आणि ते योग्यही नाही. महावितरण अशा वेळी स्वतंत्र रोहित्र बसवायला सांगेल, आणि उच्चदाबाची वाहिनी लांब असेल तर तो खर्च मोठा होतो. अशा परिस्थितीत ग्रीडकडून ४० किलोवॅट घेऊन, उरलेले २० किलोवॅट गर्दीच्या दोन तासांपुरते बॅटरीतून दिले, तर ४० युनिटची गरज पडते. काठोकाठ वापर न करता थोडी शिल्लक ठेवायची म्हणून ५० युनिटची बॅटरी घ्यावी. दुपारी ती पॅनेलवर किंवा स्वस्त तासांतल्या ग्रीडच्या विजेवर भरून ठेवता येते. तिचे पैसे वाचलेल्या रोहित्रातून, वाचलेल्या लाइनीतून आणि कमी राहिलेल्या मंजूर भाराच्या स्थिर आकारातून निघतात. म्हणून रोहित्र आणि लाइनीच्या खर्चाचे अंदाजपत्रक महावितरणकडून हातात आल्याशिवाय बॅटरीचा निर्णय घेताच येत नाही.

बॅटरीबद्दल विक्रेत्याला एक प्रश्न अवश्य विचारा, तिचा सी-दर किती आहे, म्हणजे साठवणीच्या मानाने ती एका वेळी किती किलोवॅट देऊ शकते. १०० युनिटच्या बॅटरीचा सी-दर अर्धा असेल, तर ती एका वेळी ५० किलोवॅटच देऊ शकते. म्हणजे तुम्हाला आलेल्या प्रस्तावातली बॅटरी अर्ध्या सी-दराची असेल, तर सूर्यास्तानंतर ती तुमचा ६० किलोवॅटचा चार्जर पूर्ण क्षमतेने एक मिनिटही चालवू शकणार नाही. युनिट म्हणजे हौदातले पाणी आणि किलोवॅट म्हणजे नळाची धार. हौद मोठा असला तरी नळ अर्ध्या इंचाचा असेल, तर बादली सावकाशच भरते. त्याचप्रमाणे, किती वेळा भरून-रिकामी केल्यावर बॅटरीची क्षमता ८० टक्क्यांवर येईल आणि ही हमी किती तापमानापर्यंत आहे, हे लेखी घ्या. माहितीपत्रकातला आयुष्याचा आकडा बहुधा २५ अंश सेल्सिअसचा असतो. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत तापमान ४५ अंशांवर जाते आणि त्या उष्णतेत बॅटरी लवकर म्हातारी होते. तिला उत्तरेकडची सावली, हवेची ये-जा आणि भटारखान्याच्या गॅस सिलिंडरपासून लांबची स्वतंत्र खोली द्या. या बाबतीत जागा वाचवण्याचा मोह कृपा करून टाळा.

पॅनेल कोणत्या मीटरमागे लावायचे, म्हणजे कोणत्या वीजजोडणीला जोडायचे, हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण पैशांच्या दृष्टीने तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. चार्जिंग स्टेशनसाठी तुम्हाला स्वतंत्र जोडणी मिळू शकते आणि तिला ईव्ही, म्हणजे इलेक्ट्रिक वाहन, चार्जिंगच्या वेगळ्या वर्गाचा दर लागतो. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल २०१८ मध्येच स्पष्ट केले की गाड्या चार्ज करून देणे ही सेवा आहे, वीजविक्री नव्हे, त्यामुळे त्यासाठी वीज परवाना लागत नाही. मंत्रालयाच्या सप्टेंबर २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत तर सकाळी ९ ते दुपारी ४ या सौर तासांत चार्जिंग स्टेशनला सरासरी पुरवठा खर्चाच्या ०.७ पट आणि इतर वेळी १.३ पट दर असावा, असे म्हटले आहे. प्रत्यक्ष दर राज्य वीज नियामक आयोग ठरवतो, म्हणून चालू आदेशातला आकडाच धरा. पण रोख स्पष्ट आहे, दिवसा चार्जिंगची वीज स्वस्त आणि संध्याकाळी महाग. याउलट तुमच्या हॉटेलची जोडणी वाणिज्यिक वर्गात आहे आणि तिचे युनिट ईव्ही वर्गापेक्षा बरेच महाग पडते. मग छतावरचे युनिट कोठे खर्च करावे? जेथे ते महागडे युनिट वाचवते तेथे, म्हणजे हॉटेलच्या मीटरमागे. फ्रीजर, मिक्सर, पाण्याची मोटर, एक्झॉस्ट पंखे यांची दिवसाची गरज ७०-८० युनिट असेल, तर पावसाळ्यात सगळी सौर वीज तेथेच जिरेल, आणि उन्हाळ्यातली शिल्लक नेट मीटरिंगने जमा होईल. तुमच्या जोडणीला वेळेनुसार दर लागू असेल, तर दुपारी जमा झालेली युनिट संध्याकाळच्या वापरातून वजा होतात की नाही, हे अर्ज करण्यापूर्वी उपविभागीय कार्यालयातून समजून घ्या, कारण पॅनेल किती किलोवॅटचे लावायचे ते त्यावर ठरेल.

यावर काही जण मला म्हणतात की मग हे सौर चार्जिंग स्टेशन कसले, पॅनेल तर हॉटेलला जोडलेले आहेत. मला हा आक्षेप पटत नाही. त्या आवारात जेवढी सौर वीज तयार झाली, तेवढीच बाहेरची वीज कमी आली, आणि हवेत जाणारा धूरही तेवढाच घटला. फक्त फलकावर खरे लिहा. ‘संपूर्ण सौर’ असे न लिहिता, आज किती युनिट तयार झाली आणि किती युनिट गाड्यांना दिली, हे दोन आकडे लावा. लोक ते थांबून वाचतात, प्रश्न विचारतात आणि त्यातून या विषयाबद्दल विश्वास तयार होतो, असा माझा अनुभव आहे.

उरलेली वीजही हरित हवी असेल, तर त्याचा मार्ग आहे. महाराष्ट्रात ग्राहकाला जादा आकार भरून महावितरणकडून हरित वीज मागता येते. २०२१ मध्ये आयोगाने ही सोय मंजूर केली, तेव्हा तो आकार युनिटला ६६ पैसे होता. आणि येथेच तुमच्या पवनचक्कीच्या प्रश्नाचे उत्तर येते.

वाऱ्याची ताकद त्याच्या वेगाच्या घनाप्रमाणे बदलते. वेग निम्मा झाला की वीज एक अष्टमांश होते. वनकुसवडेच्या चक्क्या उघड्या पठारावर, उंच मनोऱ्यांवर आहेत आणि नैर्ऋत्येचा मोसमी वारा त्यांना थेट मिळतो. तुमचे हॉटेल खोऱ्यात, झाडांमध्ये आणि डोंगराच्या आडोशाला आहे. तेथे दहा-बारा मीटर उंचीच्या लहान चक्कीला वारा मिळेल, पण तो वळसे घेणारा, तुटक असेल. त्यातून वीज नगण्य मिळते आणि यंत्राची झीज मात्र भरपूर होते. तुमची कल्पना तरीही मुळात चुकीची नाही, आणि हे मला आवर्जून सांगायचे आहे. सह्याद्रीच्या पठारांवर पवनवीज सर्वाधिक मिळते ती जून ते ऑगस्टमध्ये, म्हणजे नेमकी तुमची पॅनेल मंदावतात तेव्हा. ऊन आणि वारा एकमेकांची उणीव भरून काढतात, हे पाटण तालुक्याइतके स्पष्ट फार थोड्या ठिकाणी दिसते. फक्त हा वारा आपल्या आवारात पकडायचा नसून ग्रीडमार्गे आणायचा आहे. आपल्या पसंतीच्या उत्पादकाकडून ग्रीडमार्गे हरित वीज घेण्याला खुला प्रवेश म्हणतात; २०२२ च्या हरित ऊर्जा खुला प्रवेश नियमांनी त्यासाठी लागणाऱ्या किमान भाराची मर्यादा एक मेगावॅटवरून १०० किलोवॅटवर आणली, आणि पुढच्या वर्षीच्या दुरुस्तीने एकाच वीज विभागातल्या आपल्या अनेक जोडण्यांची बेरीज करून १०० किलोवॅट भरवण्याची मुभा दिली. आज तुमचा भार त्यात बसत नाही, पण धंदा वाढून दुसरा चार्जर आला, किंवा कराडजवळ तुमचे दुसरे स्टेशन झाले, तर हा पर्याय गांभीर्याने तपासा. आणि तुमच्या शेजारी कोयना आहे. १०५ टीएमसीचे धरण आणि १,९६० मेगावॅटची वीजगृहे, आणि हे पाणी मुख्यतः मागणी चढते त्या वेळी सोडले जाते. संध्याकाळच्या ग्रीडमध्ये कोळशाचा वाटा मोठा असतो हे खरे, परंतु राज्याची एवढी मोठी पाण्याची साठवण दाराशी असताना स्वतःच्या आवारात सगळीच्या सगळी साठवण उभारण्याचा अट्टहास कशासाठी करावा?

बॅटरीपेक्षा स्वस्त असे आणखी दोन उपाय आहेत. पहिला उपाय दराचा. तुमच्याकडे जेवण मिळते आणि जेवणाची वेळ १२ ते ३ आहे, हीच उन्हाची आणि स्वस्त विजेचीही वेळ आहे. सकाळी ११ ते दुपारी ४ या वेळेत चार्जिंगचा दर ठळकपणे कमी ठेवा आणि तो चार्जिंगच्या ॲपवरही दिसू द्या. चिपळूणहून निघणारा माणूस मग संध्याकाळऐवजी जेवणाच्या वेळी तुमच्याकडे पोचेल अशा बेताने निघेल. सगळे तसे करणार नाहीत, पण चारपैकी एकाने केले तरी शिखर खाली येते. दुसरा उपाय भारवाटपाचा. दोन गाड्या एकदम आल्या की मंजूर भार ओलांडू न देता दोघींना वीज वाटून देणारी नियंत्रण व्यवस्था आता बहुतेक चांगल्या चार्जरमध्ये असते. खरेदीच्या वेळी ती आहे याची खात्री करा आणि प्रत्यक्ष दोन गाड्या लावून चालवून पाहा.

वीज जाण्याबद्दलही स्पष्टता हवी, कारण यात पुष्कळ मालकांची निराशा होते. नेट मीटरवरचा साधा सौर इन्व्हर्टर ग्रीडची वीज गेली की स्वतःही बंद होतो, भर दुपारी आणि लख्ख उन्हातही. लाइनीवर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवासाठी तो तसा बंद होणे आवश्यकच आहे. वीज नसताना पॅनेल चालू ठेवायची असतील, तर ग्रीडपासून आवार आपोआप वेगळे करणारी व्यवस्था आणि स्वतःचा व्होल्टेज उभा करणारा हायब्रिड इन्व्हर्टर बॅटरीसह लागतो. पुढे बॅटरी घ्याल तेव्हा ही क्षमता करारात नावानिशी लिहून घ्या. नुसते ‘बॅकअप’ असे लिहिलेले पुरेसे नसते.

उभारणीतल्या काही गोष्टी थोडक्यात सांगतो. पत्र्याच्या छताची कैची वजनापेक्षा वाऱ्याच्या उचलीसाठी तपासून घ्या. मोसमी वारा पॅनेल खाली दाबतो त्यापेक्षा वर ओढतो, तेव्हा स्थापत्य अभियंत्याचा दाखला घेतल्याशिवाय कामाला हात लावू देऊ नका. भटारखान्याचे धुराडे पॅनेलपासून लांब वळवा, कारण तेलकट वाफेचा थर पावसाने धुतला जात नाही. अर्थिंगकडे फार लक्ष द्या. तुमच्याकडे वर मुरूम आणि खाली काळा कातळ आहे, आणि एप्रिल-मेमध्ये जमीन सुकली की अर्थिंगचा रोध वाढतो. म्हणून मोजणी पावसाळ्यात न करता उन्हाळ्यात करून घ्या आणि चार्जरचे, पॅनेलचे व आकाशातल्या विजेपासून संरक्षणाचे खड्डे नीट आखून घ्या. वळवाच्या पावसात कडाडणाऱ्या विजेने चार्जरचे कार्ड जळाल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. विजेचा अचानक उसळलेला दाब अडवणारे सर्ज संरक्षक उपकरण डीसी आणि एसी दोन्ही बाजूंना असावे. ओल्या हातांनी चार्जरची गन, म्हणजे गाडीला लावायचे टोक, धरणारा माणूस तुमच्या आवारात पावसाळ्याचे चार महिने रोज असणार आहे, त्यामुळे गळती-प्रवाह तोडणारे उपकरण दर महिन्याला बटण दाबून तपासा आणि तारीख लिहून ठेवा. चार्जरवर मोठे छप्पर आणि खाली पाणी न साचणारा चौथरा हवा. हा रस्ता राष्ट्रीय महामार्ग आहे, तेव्हा आवाराचे प्रवेशद्वार बदलणार असाल, तर महामार्ग विभागाची परवानगी आधी घ्या.

तर मग पहिल्या टप्प्यात माझी सूचना अशी आहे. हॉटेलच्या मीटरमागे २५ ते ३० किलोवॅट सौर, नेट मीटरिंगसह. चार्जिंगसाठी ४० किलोवॅटच्या आसपास मंजूर भाराची स्वतंत्र लघुदाब जोडणी. तिच्यावर सीसीएस-२ गनचा (मोटारींच्या जलद चार्जिंगच्या जोडणीचा) एक ३० किलोवॅटचा डीसी चार्जर, एक ७.४ किलोवॅटचा टाइप-२ (सावकाश चार्जिंगच्या जोडणीचा) एसी चार्जर आणि गावातल्या दुचाकी-रिक्षांसाठी दोन साधे ३.३ किलोवॅटचे सॉकेट, सगळे मिळून मंजूर भाराच्या आत ठेवणाऱ्या नियंत्रणासह. ३० किलोवॅटवर गाडीला पाऊण ते एक तास लागेल, आणि तुमच्याकडे बसून थाळी जेवायला तेवढाच वेळ लागतो. तुमच्या धंद्याला ६० किलोवॅटपेक्षा हा वेगच अधिक जुळणारा आहे, असे मला वाटते. मात्र दुसऱ्या चार्जरचा चौथरा, बॅटरीची खोली आणि त्यांच्या केबलसाठी जमिनीखालचे पाइप आत्ताच टाकून ठेवा. नंतर फरशी फोडायला दसपट खर्च येतो.

बॅटरीचा आकडा दुसऱ्या वर्षी ठरवू. त्यासाठी एक वही करा आणि चार्जरच्या नोंदींबरोबर तीही रोज भरत राहा. किती गाड्या आल्या, कोणत्या वेळी आल्या, चिपळूणकडून की कराडकडून आल्या, किती टक्के बॅटरी घेऊन आल्या, रांग पाहून किती परत गेल्या आणि वीज कधी व किती वेळ गेली, एवढे लिहिलेत तरी पुरे. परत गेलेल्या गाड्यांचा आणि वीज गेल्याचा रकाना कोणतेही यंत्र भरून देत नाही, तो गल्ल्यावर बसणाऱ्या माणसालाच भरावा लागेल. एक मे महिना आणि एक गणेशोत्सव त्या वहीत आला, की ती वही, हॉटेलची बारा महिन्यांची वीजबिले आणि महावितरणचे अंदाजपत्रक मला पाठवा. आज माझा अंदाज ५० ते ६० युनिटचा आहे, म्हणजे तुम्हाला सुचवलेल्या बॅटरीच्या जवळपास निम्मा, आणि रांगेचा रकाना बहुतेक रिकामाच राहिला, तर तीही घेऊ नका असे मी सांगेन.